रविवारच्या दोन बादल्या

बायको गेली त्याला चार महिने झाले होते. पण तिच्याबरोबर घरातून नेमकं काय गेलं, हे आप्पांना कळलं ते एका बुधवारी सकाळी, वॉशिंग मशीनने त्यांना चावा घेतला तेव्हा!

ओला हात झाकणाला लागला आणि साबणाचा डबा, पाण्याचा मग आणि आप्पा या क्रमाने सगळे जमिनीवर आले.

दुसऱ्या कुणाला शॉक बसला असता तर त्याने निमूटपणे वायरमन बोलावला असता. पण आप्पाच वायरमन! छत्तीस वर्षं लोकांच्या घरात शिरून "तुमचं अर्थिंग कुठंय?" असं दरडावून विचारत आलेला माणूस. स्वतःच्या घराचं अर्थिंग त्यांनी स्वतःच्या हाताने केलं होतं. मागच्या दारी पुरुषभर खड्डा, त्यात तांब्याची पट्टी, भोवती कोळसा आणि मीठ. कुठे करंट गळला की तारेवाटे गपचूप जमिनीत! बावीस वर्षं ते येईल त्याला सांगत, "हे घर पडेल, पण माझं अर्थिंग पडायचं नाही." करंट गळताच आपोआप बंद पडणारा स्विचसुद्धा त्यांनी बसवला नव्हता. "तो दुबळ्या अर्थिंगवाल्यांसाठी!" गल्लीत त्यांना मेनस्विच म्हणत. पाठीमागे, अर्थात.

तेव्हा दोष मशीनचा. मेकॅनिक आला, मशीन उघडलं, बंद केलं.

"आजोबा, मशीन ठणठणीत आहे. करंट दुसरीकडून येतोय. त्या गिझरमधून गळून तारेवाटे मशीनमध्ये शिरत असणार. आणि तुमच्या घराला अर्थिंगच नाही."

"काय नाही?"

"अर्थिंग. मेलंय ते."

या घरात आणखी काही मेल्याचं ऐकून घ्यायला आप्पा तयार नव्हते. त्यांनी मेकॅनिकला त्याच्या पान्या-पकडींसकट बाहेर काढला, आणि त्याच्या नाकावर टिच्चून गिझर चालूच ठेवला.

दुपारी लेकीचा फोन आला. "आप्पा, रविवारी छोटीला घेऊन येतेय. ठरलंय ना आपलं? एकट्याला जमत नसेल तर घराला कुलूप लावायचं आणि माझ्याकडे यायचं."

"मस्त जमतंय!" आप्पा म्हणाले. तेव्हा ते रबरी चपला घालून, लाकडी पाटावर उभं राहून, लाटण्याने मशीनचं बटण दाबत होते.

हातात तीन दिवस होते. आप्पांनी डोकं चालवलं. सगळं लोखंड एकमेकांना तारेने जोडायचं! म्हणजे सगळीकडे विजेची एकच पातळी, दोन वस्तूंना एकदम हात लावला तरी धक्का नाही. पुस्तकात आहे. हिरव्या तारेचं भेंडोळं काढून त्यांनी मशीन सिंकला जोडलं, सिंक नळाला, नळ खिडकीच्या गजांना, गज कपडे वाळत घालायच्या तारेला आणि ती तार फाटकाला. इतकी एकी त्या घरात लग्नकार्यातसुद्धा दिसली नव्हती!

पुस्तक खरंच होतं. फक्त पुस्तकवाल्याने अर्थिंग जिवंत धरलं होतं. आतापर्यंत एक मशीन चावत होतं, आता अख्खं घर चावायला लागलं.

शनिवारी सकाळी पेपरवाल्याने फाटकाला हात लावला. "आई गं!" पेपर शेजारच्या गच्चीवर. खिडकीच्या गजांत रोज ऊन खात बसणारं मांजर ताडकन उडालं, ते या घराकडे परत फिरकलंच नाही. मग भिंतीपलीकडून शेजारच्या काकूंचा आवाज आला. दोन्ही घरांचं धुणं त्याच तारेवर वाळायचं.

"भाऊजी! तुमची तार चावते!"

"काकू, तार कधी चावत नसते."

"मग मला कोण चावलं? मी मलाच चावले?"

रविवार उजाडला. आप्पा खिडकीत उभे होते. रिक्षा थांबली, छोटी उडी मारून उतरली आणि दोन्ही हात पुढे करून फाटकाकडे धावली.

"हात लावू नकोस!" आप्पा असे ओरडले की छोटी जागच्या जागी रडायला लागली. त्यांनी धावत जाऊन मेन स्विच खाली ओढला.

लेक रस्त्यातच उभी. "आप्पा, आपल्याच घरात शिरायची भीती?"

"ताई, माझी काठी देऊ?" पेपरवाल्याने विचारलं. शनिवारच्या धक्क्यानंतर तो फाटक ढकलायला लाकडी काठी घेऊनच आला होता.

लेकीने सगळं ऐकून घेतलं. हिरवी तार बघितली. पाट आणि लाटणं बघितलं. मग शांतपणे म्हणाली, "बॅग भरा."

तेवढ्यात काकू भिंतीवरून वाकल्या. "वहिनी होत्या तोवर असलं काही नव्हतं बाई. दर रविवारी दोन बादल्या ओतायच्या त्या खड्ड्यात."

"खड्ड्यात नाही," आप्पा म्हणाले, "ती त्या वाळक्या गुलाबाला पाणी घालायची. मी हसायचो तिला. मेलेल्या खोडाला कशाला पाजतेस म्हणून."

"गुलाब कसला, भाऊजी! गुलाबाशेजारी झाकण आहे ना, त्यात. तुम्हीच सांगितलेलं म्हणे पहिल्या दिवशी, कोरडं पडू देऊ नकोस, शॉक बसतील."

सांगितलं होतं. छत्तीस वर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं होतं. लक्षात एकीनेच ठेवलं.

आप्पांनी झाकण उचललं. आत माती भेगाळलेली, आणि एक पाल "काय काम आहे?" अशा नजरेने बघत होती. त्यांनी गिझर बंद केला, घराची तार खड्ड्यापासून सोडवली आणि अर्थिंगमध्ये किती जीव उरलाय ते बघायला एक बल्ब करंट आणि खड्ड्याच्या मधे लावून मेन स्विच चालू केला. बल्ब पेटला, पण उपकार केल्यासारखा. लेकीने बादली भरली. दुसऱ्या बादलीला बल्ब पिवळा झाला. चार महिन्यांची तहान होती. सातव्या बादलीला तो असा लखलखला की त्याच्याकडे बघवेना!

लेक संध्याकाळी आप्पांची बॅग न घेता परत गेली. सोमवारी गिझर भंगारात गेला, आपोआप बंद पडणारा स्विच बसला. हिरवी तार तशीच राहिली, कारण आता ती बरोबर होती. पेपरवाला मात्र अजून काठी आणतो.

आप्पांनी काकूंची माफी मागितली. मेकॅनिकलाही फोन केला, "तुझं बरोबर होतं." तो म्हणाला, "आजोबा, आवाज तुटतोय, पुन्हा सांगा." तीनदा सांगावं लागलं.

दर रविवारी आप्पा दोन बादल्या ओततात. गुलाबाच्या खोडालाही तांब्याभर घालतात. बायकोला हसायचे त्याबद्दल तिची माफी मागायची तेवढी राहिली आहे.