सातवी ब चा गृहपाठ

आमच्या अध्यापक महाविद्यालयाच्या सराव शाळेतली सातवी ब एकोणीस वर्षं सातवीतच होती. यात कुणी लपवाछपवी केली होती असं नाही. तो वर्ग सरावासाठी राखून ठेवलेला. तिथे फक्त आमचे छात्राध्यापक सराव पाठ घ्यायचे, आणि सरावाने काही अभ्यासक्रम पुढे सरकत नाही. अभ्यासक्रम सरकला नाही तर मुलं तरी कशी सरकणार? मुख्याध्यापक दर एप्रिलमध्ये निकालपत्रकावर 'सराव चालू' असं लिहायचे आणि जूनमध्ये तीच एकतीस मुलं, त्याच उंचीची, त्याच बाकांवर येऊन बसायची.

पालकांनाही सवय झाली होती. गणवेशाचं माप एकदा दिलं की दिलं. मुलं मात्र पक्की तयार. एखादा छात्राध्यापक प्रस्तावनेत अडकून घामाघूम झाला की पहिल्या बाकावरून हळूच आवाज यायचा, "सर, आता हेतुकथन. 'आज आपण' म्हणा." उत्तर येत असेल त्याने उजवा हात वर करायचा आणि येत नसेल त्याने डावा, म्हणजे मागे बसलेल्या निरीक्षकाला सगळा वर्ग उत्सुक दिसतो, हेही त्यांचं त्यांनीच ठरवलेलं. इतकी गुणी मुलं मी दुसरीकडे पाहिली नाहीत.

तो मागे बसलेला निरीक्षक म्हणजे मी, प्राध्यापक खैरमोडे. मीही याच कॉलेजचा. माझा पहिला पाठ याच सातवी ब वर झाला, भूगोलाचा, तो सराव वर्ग झाला त्याच वर्षी. माझा स्वभाव तिरसट आहे असं मुलं म्हणतात. छात्राध्यापकाच्या पाठ-टाचणाच्या वहीत समास वाकडा दिसला की मी वही परत करतो, याला तिरसट म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

यंदाच्या तुकडीत राजश्री वाघचौरे आली. पहिल्याच दिवशी माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "सर, तिसऱ्या बाकावरचा हणमंत वाघचौरे माझा थोरला भाऊ."

"बरं."

"तो सातवीत गेला तेव्हा मी तीन वर्षांची होते. मला कडेवर घेऊन गावभर फिरवायचा."

"मग?"

"मग काय सर, मी बावीस वर्षांची झाले. आई आता थकली. परवा म्हणाली, माझ्या डोळ्यांदेखत हणमंता आठवीत गेलेला दिसू दे, बाकी काही मागत नाही. मी त्याच्यासाठीच इथे प्रवेश घेतलाय."

मी नियमावली काढून पाहिली. वर्गात नातेवाईक असल्यास पाठ देऊ नये असं कुठेही नव्हतं. तिला तसं सांगितलं आणि वर्गात नात्याने हाक मारायची नाही अशी ताकीद दिली.

ती कसली ऐकतेय! सातवी ब वरचा तिचा पाठ शेवटून दुसरा आला, विज्ञानाचा, सावली. दहा मिनिटं झाली नाहीत तोच म्हणाली, "दादा, तू सांग, सावली सगळ्यात आखूड कधी असते?"

हणमंत उभा राहिला. बारा वर्षांचा, खाकी चड्डीतला, काटकुळा पोरगा. "भर दुपारी, राजे," म्हणाला.

"शाब्बास. बस."

वर्गात कुणी हसलं नाही. मी निरीक्षण वहीत 'नात्याचा उल्लेख टाळावा' असं लिहिलं. बाकी पाठ चांगला झाला, हे कबूल केलं पाहिजे. शेवटी तिने फळ्यावर गृहपाठ दिला: सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी आपल्या सावलीची लांबी मोजा व वहीत लिहा. घंटा झाली. मी सही केली.

"सर, उद्या अकराला येते मी हा गृहपाठ तपासायला," ती म्हणाली.

मी चष्मा काढला. "उद्या अकराला तुमचा शेवटचा पाठ आहे, मुलींच्या शाळेत. पंचेचाळिसावा. तो चुकला तर प्रात्यक्षिकात नापास."

"माहितीये. पण आजचा पाठ संपलेला नाही ना."

"घंटा झाली की पाठ संपतो."

"मग गृहपाठ कशाला दिला आपण?"

अहो, नमुन्यात आहे म्हणून! टाचणाच्या नमुन्यात शेवटचा रकाना गृहपाठाचा असतो, तो भरावाच लागतो. दुसऱ्या दिवशी छात्राध्यापक दुसऱ्या शाळेत, दुसऱ्या वर्गावर जातो. तपासण्याचा रकानाच नाही. एकोणीस वर्षांत प्रत्येक पाठानंतर गृहपाठ दिला गेला आणि एकही कुणी तपासला नाही. मी तिला एवढंच म्हटलं, "तशी पद्धत नाही."

"दादा रोज लिहितो सर. घरी पेटीत वह्या आहेत. प्रत्येक वहीवर कुणी दिलाय त्याचं नाव. आई झाडून ठेवते."

मी निरीक्षण वही मिटली.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मुलींच्या शाळेच्या यादीत तिच्या नावापुढे गैरहजर लागलं. ती सातवी ब मध्ये लाल पेन घेऊन बसली होती. मी काय करतोय ते माझं मलाच कळेना, पण नेहमीच्या मागच्या बाकावर जाऊन बसलो. तिने एकतीस वह्या तपासल्या. एकीला म्हणाली, "संध्याकाळची सावली दुपारपेक्षा आखूड कशी गं? पुन्हा मोज." दुसऱ्याला 'छान' दिलं. हणमंतची वही बराच वेळ हातात धरली. त्याने तिन्ही वेळच्या सावल्या मोजल्या होत्या आणि खाली लिहिलं होतं, 'मागच्या वर्षीपण एवढीच होती.' तिने सही केली, तारीख घातली.

हणमंतने गालाला हात लावला. तोंडात बोट घातलं आणि दाढ बाहेर काढली. एकोणीस वर्षं हलत होती ती.

"पडली," तो म्हणाला.

बघता बघता आणखी तिघांच्या पडल्या. एका मुलीची पट्ट्यांची चप्पल तिला घट्ट व्हायला लागली. मी घड्याळ पाहिलं आणि निरीक्षण वहीत नोंद केली: पाठ पूर्ण.

प्राचार्य निंबाळकरांचं मात्र धाबं दणाणलं. "खैरमोडे, हा वर्ग आठवीत गेला तर आपण सराव कुणावर करायचा?" म्हणाले. "आणि त्या मुलीला पास करायचं कसं?"

"तपासणी हाच तिचा पंचेचाळिसावा पाठ धरलाय मी. निरीक्षण केलंय, सही केलीय."

"असा नियम आहे?"

"नाही, असं कुठे लिहिलेलं नाही."

प्राचार्यांनी पंख्याचा वेग वाढवला. मग म्हणाले, "मग तसं करू नये असंही कुठे लिहिलेलं नसेल." वरून कडक दिसतात, पण माणूस आतून चांगला आहे.

आम्ही सगळ्या माजी छात्राध्यापकांना पत्रं पाठवली: 'आपण सातवी ब ला दिलेला गृहपाठ तपासायचा राहिला आहे. लाल पेन सोबत आणावे.' मला वाटलं होतं कुणी फिरकणार नाही. पण रविवारी फाटक उघडलं तर बाहेर रांग. काही मुख्याध्यापक झालेले, एक केंद्रप्रमुख, दोघी लेकरांना घेऊन आलेल्या. एकाने शिक्षकी सोडून हार्डवेअरचं दुकान टाकलेलं, तोही आला. राजश्रीच्या आईने पेटी पाठवली, इतर घरांतूनही पेट्या आल्या. सगळे खाली मान घालून तपासत बसले. कुणी कुणी डोळे पुसत होते. प्रत्येक सहीबरोबर वर्ग तेवढा तेवढा मोठा होत गेला. चार रविवार गेले. मुलांच्या चड्ड्या आखूड झाल्या, मुलींनी वेण्या बदलल्या, आणि मुख्याध्यापकांनी तीस जणांच्या नावापुढे 'उत्तीर्ण, आठवीत' असं लिहिलं.

एकतिसावा हणमंत. त्याचा एक गृहपाठ बाकी होता.

तो माझ्यापुढे उभा राहिला. आवाज फुटायला लागला होता. "सर, तुमचा एक राहिलाय बघा."

"बाकीच्यांचा तपासला की मी गेल्या रविवारी."

"त्यांनी तेव्हा दुसऱ्याच दिवशी वर्गाच्या कपाटात ठेवला होता. माझा उशिरा झाला." त्याने पिवळी पडलेली वही पुढे केली. वर माझं नाव होतं, पूर्ण, वळणदार अक्षरात. 'घर ते शाळा नकाशा काढा.' मी दिलेला पहिला गृहपाठ.

मी वही उघडली. वाघचौऱ्यांचं घर, पिठाची गिरणी, आता पाडलेली पाण्याची टाकी, शाळा. पण रस्ता शाळेपाशी थांबला नव्हता. पुढे ठिपक्या ठिपक्यांनी गेला होता, नव्या पेठेपर्यंत, तिथे एक चौकोन आणि आत लिहिलं होतं: 'सरांची खोली. इथे नेऊन देणे.' बाजूला वेगळ्या शाईत: 'सर गावी गेले. कुलूप.'

पहिला पाठ झाला या आनंदात त्याच दुपारी मी बॅग भरून गावी गेलो होतो. हे पोरगं धाकट्या बहिणीला कडेवर घेऊन तिथवर आलं असणार.

"दिशा दाखवायची राहिली," मी म्हणालो. काहीतरी बोलायला हवं म्हणून बोललो.

"ती मागच्या पानावर आहे, सर."

होती. बाण काढून वर 'उत्तर' लिहिलेलं. मी पेन काढलं. मी शेकडो टाचणांवर शेरे मारलेत, ते सगळे आठवून पाहिले. शेवटी लिहिलं, 'उशिरा तपासला. चूक माझी. नकाशा बरोबर.' खाली सही, तारीख.

हणमंतने शेरा दोनदा वाचला. त्याच्या ओठांवर लव दिसायला लागली होती. दाराशी उभ्या असलेल्या राजश्रीकडे त्याने जेवणाचा रिकामा डबा दिला. "राजे, हा आईला दे. सांग, वर गेलो म्हणून." राजश्री रडत होती आणि हसतही होती, आणि डबा उलटा धरला होता.

तो जिन्यापाशी गेला. दोन पायऱ्या चढून थांबला आणि मागे वळला.

"सर, आठवीचा वर्ग कुठला?"

मी वर पाहिलं. इतकी वर्षं या शाळेत येतोय, पण मी खालच्या मजल्यावरच राहिलेला माणूस.

"मलाही माहीत नाही," मी म्हणालो. "थांब, येतो." आणि आम्ही दोघं जिना चढायला लागलो.