नाडीपरीक्षेत पहिली

बाईला मूल झाले की तिने घरी बसावे, असा एक नियम आहे. आणि मूल चालू लागले की घरी बसलेल्या बाईने 'काहीतरी करावे', असा दुसरा. दोन्ही नियम करणारी माणसे एकच असतात आणि बहुधा एकाच सोफ्यावर बसलेली असतात.

या सोफ्यावर सासूबाई आणि नवरा बसले होते. ती खाली, पोराच्या पायात मोजा चढवत. पोर तो दुसऱ्या पायाने काढत होते.

"रसायनशास्त्राची पदवी आहे तुझी," नवरा म्हणाला. "कपाटात वाळवी खाईल तिला. काहीतरी कर गं. फक्त दिवसभर बाहेर राहायला लागेल असं नको."

"आणि पोराची आबाळ होईल असं नको," सासूबाई म्हणाल्या.

"आणि लोकांना सांगता येईल असं हवं," नवऱ्याने पुरवणी जोडली.

तिला स्वतःला करिअर वगैरे नको होते. तिला एकच गोष्ट हवी होती आणि ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. पोर रांगत असताना एकदा तापले होते. घरात तीन थर्मामीटर होते आणि तिन्ही तीन आकडे सांगत होते. सासूबाई म्हणाल्या, दात येताहेत. नणंद फोनवरून म्हणाली, न्यूमोनिया असणार, माझ्या मैत्रिणीच्या मुलाला अस्संच झालं होतं. नवरा म्हणाला, बघू. दातच निघाला, पण तोवर पोराला छातीशी धरून उभी असताना तिला जे वाटले होते, ते पुन्हा कधी वाटू नये, एवढीच तिची महत्त्वाकांक्षा होती. पोराला हात लावावा आणि कळावे. बस्स.

म्हणून माहितीपत्रकातल्या 'घर सांभाळून सन्माननीय करिअर' या ओळीवर नवरा थांबला, 'दुपारच्या वर्गांची सोय' या ओळीवर सासूबाई थांबल्या, आणि ती अगदी तळच्या ओळीवर थांबली. 'यंत्रे चुकतात, नाडी चुकत नाही.' पौर्वात्य वैद्यक व सुईचिकित्सा महाविद्यालयात तिचा प्रवेश झाला.

पहिले सत्र संत्र्यांवर गेले. सुईने साल भेदायची, गराला धक्का लावायचा नाही, असा दंडक होता. संत्र्यांनी कोणतीही तक्रार केली नाही, याची नोंद महाविद्यालयाने वार्षिक अहवालात 'रुग्णसमाधान' या सदराखाली घेतली. सुई कुठे टोचायची हे भिंतीवरच्या माणसाच्या चित्रावरून पाठ करायचे होते. चित्रातल्या माणसाच्या अंगावर इतके ठिपके होते की त्याला आधी कांजिण्यांच्या डॉक्टरला दाखवावे, असे तिला वाटे. पण ती पाठ करण्यात पटाईत होती, तेव्हा तेही झाले.

मग नाडीचा वर्ग सुरू झाला. ती ज्यासाठी आली होती, तो.

हा विषय शिकवणाऱ्यांना सगळे नाडीसर म्हणत. नाडीसरांचे म्हणणे असे, की मनगटावर तीन बोटे ठेवली की आतला अख्खा माणूस बोटांशी बोलायला येतो. नाड्या एकूण अठ्ठावीस. एक सतारीच्या तारेसारखी ताठ. एक कांद्याच्या पातीसारखी, वरून भरीव आणि आतून पोकळ. एक घसरती, ताटलीत मोती घरंगळावेत तशी. विद्यार्थ्यांनी एकमेकांची मनगटे धरली, डोळे मिटले, आणि वर्गात देवळातल्यासारखी शांतता पसरली.

तिने शेजारच्या बँकवाल्या काकांचे मनगट धरले होते. काका बँकेतून निवृत्त झाले होते आणि 'दुसरी इनिंग' खेळायला आले होते. तिने बोटे हलकी ठेवून पाहिली, दाबून पाहिली, श्वास रोखून पाहिला.

"सर," ती शेवटी म्हणाली, "मला नुसतं ठक ठक लागतंय."

सगळ्यांनी डोळे उघडले. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटले ते आश्चर्य नव्हते. चारचौघांत कुणाची चड्डी सुटावी, तसा तो संकोच होता.

"ताई," नाडीसर अतिशय मायेने म्हणाले, "ठक ठक ही नाडी यादीत नाही."

"पण लागतंय तेवढंच..."

"लागेल. बोटांना अहंकार असतो, तो गळाला की लागेल." आणि ते काकांकडे वळले. "काका, तुम्ही सांगा. ताईंची नाडी कोणती?"

काकांनी तिचे मनगट धरले आणि डोळे किलकिले केले. "तारे... तारेसा... नाही, घसर... घसरती?"

"शाबास!" नाडीसर म्हणाले.

बाकीच्या वर्गाने माना डोलावल्या. तिने मात्र एक गोष्ट टिपली. काका 'तारे' म्हणताना सरांची डावी भुवई केसभर वर गेली होती, आणि 'घसर' म्हणताना नाकपुड्या फुलल्या होत्या. काकांचे डोळे किलकिले होते, मिटलेले नव्हते.

ज्या बाईने वर्षभर एका बोलता न येणाऱ्या जिवाची भूक, झोप, पोटदुखी आणि निव्वळ आगाऊपणा हे सगळे तोंडाकडे बघून ओळखले, तिला बोलता येणाऱ्या माणसाचे काय कठीण? पुढच्या आठवड्यापासून तिने बोटे मनगटावर आणि डोळे भुवईवर ठेवले. शब्द सावकाश, तुकड्या-तुकड्याने सोडायचे आणि नाकपुडी फुलली की तिथेच थांबायचे. महिन्याभरात नाडीसर इतर वर्गांना सांगू लागले, की या बाईंचा अहंकार पार गळालेला आहे.

"पोरी," एकदा जिन्यात काकांनी तिला गाठले, "तुला खरंच लागते?"

"तुम्हाला?"

"मला काय, मला लागतेच," काका म्हणाले आणि तिच्या चेहऱ्याकडे निरखून बघत राहिले.

वार्षिक परीक्षेला बाहेरून परीक्षक आले. त्यांचा चेहरा पाटीसारखा कोरा होता, भुवया पांढऱ्या आणि निश्चल होत्या. तपासायला रुग्ण म्हणून महाविद्यालयाचा शिपाई बसवला होता. ते त्याच्या कामाच्या स्वरूपातच येत होते. तिने त्याचे मनगट धरले. ठक ठक. तिने परीक्षकांकडे पाहिले. काही नाही. मग तिला दिसले, की परीक्षक तिच्याकडे बघताहेत. अगदी तसेच, जशी ती नाडीसरांकडे बघत असे.

तिने पोराला औषध पाजताना करायचा चेहरा केला, 'छान आहे, गोड आहे' असा. आणि एका दमात म्हणाली, "घसरती. पण तारेकडे झुकलेली."

परीक्षकांचा जीव भांड्यात पडलेला तिला स्पष्ट दिसला. त्यांनी लिहिले, 'अचूक.'

निकाल लागला तेव्हा एक किरकोळ अडचण निघाली. एकाच शिपायाची एकाच सकाळी प्रत्येक विद्यार्थ्याने वेगळी नाडी सांगितली होती. परीक्षा मंडळाची तातडीची बैठक झाली आणि 'रुग्ण हा गतिमान असल्याने सर्व उत्तरे त्या-त्या क्षणी ग्राह्य धरण्यात येत आहेत' असा ठराव संमत झाला. शिपायाला विश्रांती देण्यात आली. इतक्या नाड्या एका माणसाने बाळगणे धोक्याचे होते. ती पहिली आली. महाविद्यालयाच्या बाह्यरुग्ण विभागात तिला खुर्ची मिळाली, आणि सासूबाईंनी सोफ्यावरून जगाला कळवले.

खुर्चीचे काम तिला फार सोपे गेले. माणसे आत येतानाच अर्धी कळत. ती मनगट धरी आणि म्हणे, "झोप..." रुग्णाचा चेहरा हलला नाही, तर "...लागते, पण मनाला स्वस्थता नाही." रुग्ण डोळे पुसत बाहेर पडे आणि चार माणसे पाठवून देई. सुया टोचून ती त्यांना मंद दिव्याखाली पडून राहायला लावी. ज्यांना घरी कुणी पडू देत नव्हते, ते सगळे बरे होत.

मग सर्दी-खोकल्याची साथ आली आणि रुग्ण मास्क लावून येऊ लागले. त्या आठवड्यात विभागातली एकही नाडी कुणालाही सांगता येईना. वरिष्ठ वैद्यांनी एका लष्करी अधिकाऱ्याला गर्भारपणातली पथ्ये सांगितली. महाविद्यालयाने लगोलग परिपत्रक काढले: 'मास्कमुळे नाडीच्या नैसर्गिक प्रवाहास अडथळा होत असल्याचे निदर्शनास आले आहे. तरी नाडीपरीक्षणसमयी रुग्णांनी चेहरा उघडा व प्रांजळ ठेवावा.'

परिपत्रक दारावर लागले. मास्क उतरले. नाड्या परत आल्या. साथही आली; सगळ्या विभागात, आणि तिच्याबरोबर तिच्या घरी.

दुपारची वेळ होती. पोर खेळता-खेळता फरशीवर आडवे झाले. तिने कपाळाला हात लावला आणि काढून घेतला.

"तापलाय का गं?" सासूबाई आल्या. ती थर्मामीटर शोधायला वळली, तशी त्यांनी तिला अडवले. "ते कशाला? पहिली आलीस ना तू? नाडी बघ की!"

तिने मनगट धरले. एवढेसे मनगट, तीन बोटे मावेनात. लहान मुलांची नाडी हा ऐच्छिक विषय होता आणि पुरेसे विद्यार्थी न मिळाल्याने तो रद्द झाला होता. तिने एकच बोट ठेवले. ठक ठक ठक ठक. भराभर. एवढेच. तार नाही, मोती नाही. तिने सवयीने वर बघितले, आणि पोर तिच्याच चेहऱ्याकडे बघत होते. आपण किती आजारी आहोत, हे तिथे लिहिलेले असेल म्हणून शोधत होते.

तिचा चेहरा घाबरला. पोराने भोकाड पसरले.

पोराला उचलून ती आतल्या खोलीत गेली, दार लावले आणि नाडीसरांना फोन केला.

"नाडी कोणती?" पलीकडून सरांनी विचारले.

"तुम्हीच सांगा ना सर. खूप भराभर आहे. तार म्हणू? की..."

फोनमध्ये भुवया दिसत नाहीत.

"घरात आणखी कुणी ऐकतंय का?" सरांनी खालच्या आवाजात विचारले.

"नाही."

"मग डॉक्टरकडे ने त्याला. आत्ता. माझ्या नातवाला तिथेच नेतो आम्ही." आणि फोन ठेवता-ठेवता, "हे वर्गात नको बोलूस हं, ताई."

डॉक्टरांची प्रतीक्षाखोली गच्च भरली होती. कोपऱ्यात मफलरमध्ये तोंड लपवून बँकवाले काका खोकत होते. त्यांनी तिला पाहिले, तिने त्यांना पाहिले, आणि दोघांनीही भिंतीवरचे लसीकरणाचे वेळापत्रक मन लावून वाचायला घेतले.

डॉक्टरांनी पोराच्या छातीला नळी लावली. तिचा जीव हलका झाला. इथे यंत्र होते, विज्ञान होते, तिच्या पदवीचे नातेवाईक होते. मग तिचे लक्ष गेले. नळी पोराच्या छातीवर होती आणि डॉक्टर तिच्याकडे बघत होते.

"साधा विषाणूच दिसतोय," डॉक्टर म्हणाले आणि एक औषध लिहिले. तिचे ओठ थरथरले. डॉक्टरांनी खाली दुसरे लिहिले. तिने पदराने डोळे टिपले. डॉक्टरांनी रक्ततपासणी जोडली. तिला संशय आला. तिने निग्रहाने औषध पाजतानाचा चेहरा केला. डॉक्टरांनी रक्ततपासणी खोडली.

"दोन दिवस वाट बघू," ते समाधानाने म्हणाले. "काय वाटतं तुम्हाला?"

"मला?" ती म्हणाली. "मला विचारताय?"

"तसं नाही, आईला कळतं ना सगळं." त्यांनी कागद पुढे सरकवला. "तुम्ही काय करता?"

"नाडी बघते. सुया टोचते."

डॉक्टरांनी उठून दार लोटले. परत येऊन बाही वर केली आणि मनगट टेबलावर ठेवले. "जरा बघता? मान धरलीय कधीची. सगळे फोटो काढून झाले, त्यात काही नाही."

तिने पोराला एका हातावर पेलले आणि दुसऱ्या हाताची तीन बोटे ठेवली. ठक ठक. डॉक्टर श्वास रोखून तिच्या तोंडाकडे बघत होते. पोरही बघत होते.

ताप दोन दिवसांनी उतरला. डॉक्टरांच्या औषधाने, असे नवरा म्हणाला. सुनेच्या हातगुणाने, असे सासूबाई म्हणाल्या. तो कशाने आला, किती गंभीर होता आणि कसा गेला, हे तिला कळले नाही ते नाहीच. पुढच्या तापाची वाट बघत ती रोज झोपलेल्या पोराच्या कपाळाला हात लावते.

या वर्षीपासून नाडीचा वर्ग ती घेते. परवा नव्या तुकडीतली एक बाई, खांद्यावर दुधाचा डाग तसाच घेऊन आलेली, चाचरत उभी राहिली.

"मॅडम, मला नुसतं ठक ठक लागतंय."

सगळ्यांनी डोळे उघडले. खरे सांगायला ही चांगली वेळ होती. पण ती बाई तिच्या चेहऱ्याकडे अशा आशेने बघत होती, की तिने ती वेळ जाऊ दिली.

"ठक ठक ही नाडी यादीत नाही," ती अतिशय मायेने म्हणाली, आणि डावी भुवई केसभर वर केली.

आता तुम्ही हसलात, निदान हसावे की नाही याचा विचार करत असाल. आणि शेजारी कुणी बसलेले असेल, तर ठरवण्याआधी त्याच्या तोंडाकडे एकदा बघून घेतले असेल. काही हरकत नाही. मनगट पुढे करायचीही गरज नाही. घसरती आहे, थोडी तारेकडे झुकलेली.