पाणी जातं तिकडे तोंड करा

सबनीसकाका कुणालाही 'मूळचे कुठले' असं विचारत नाहीत. 'उगम कुठला?' असं विचारतात. मी इथे अमेरिकेत, वाळवंटातल्या चँडलरमध्ये घर घेतलं तेव्हा ट्रकमधून सोफा उतरत असतानाच शेजारच्या भिंतीवरून हा प्रश्न आला. मी नागपूर म्हटलं. "आणि वाटेत कोण येऊन मिळालं?" मी केतकीकडे बोट दाखवलं. "डावीकडून की उजवीकडून?" काकांनी तितक्याच गंभीरपणे विचारलं. केतकी तेव्हापासून त्यांना जरा टरकून असते.

काका रिटायर्ड इंजिनियर. सगळी नोकरी पंप बनवण्यात गेली, त्यामुळे त्यांना पाण्याचं वेड असणं मी समजू शकतो. इथल्या नदीत बहुतेक वेळ वाळूच असते आणि नकाशात मात्र ती निळी दाखवतात, याचा त्यांना मनापासून राग येतो. पण वेड लावून घ्यायचंच तर गोदावरी आहे, निदान मिसिसिपी आहे. काकांनी धरली ती निडा. निडा ही जर्मनीतली एक लहानशी नदी. फोगल्सबर्ग नावाच्या डोंगरात उगम पावते आणि फ्रँकफर्टपाशी माइन नदीला मिळते. काकांनी ती डोळ्यांनी पाहिलेलीही नाही. पण तिला डावीकडून निडर मिळते, उजवीकडून होर्लोफ आणि व्हेटर मिळतात, हे आमच्या गल्लीत आता सगळ्यांना पाठ आहे.

व्हेटरवरून एकदा गंमत झाली. एका वाढदिवसाला आम्ही देशी रेस्टॉरंटमध्ये जेवत होतो. काका रंगात येऊन व्हेटरचं वर्णन करायला लागले आणि दर वेळी तो शब्द ऐकून वाढणारी बाई पाण्याचा जग घेऊन धावत यायची. शेवटी सगळ्यांचे ग्लास काठोकाठ भरले. काकांच्या मते व्हेटरचं वागणं नदीला साजेसंच होतं.

डावं-उजवं हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. नदीचा डावा तीर कुठला हे ठरवायचं तर पाणी वाहतं त्या दिशेला बघत उभं राहायचं, हा भूगोलाचा नियम आपण शाळेत शिकतो आणि परीक्षेनंतर विसरतो. काका विसरले नाहीत. "पाणी जातं तिकडे तोंड करा," हे त्यांचं सगळ्यावरचं उत्तर. आमच्या घरांमागून कालवा जातो. गणपतीला त्यांनी पाहुण्यांना माझ्या घराचा पत्ता 'कालव्याच्या डाव्या तीरावर' असा दिला. पाहुणे उलट्या दिशेने आले आणि मोदकांचा डबा घेऊन पलीकडच्या एका अमेरिकन आजींच्या दारात उभे राहिले. आजींनी डबा ठेवून घेतला. चूक कुणाची यावर काका ठाम होते. पाहुण्यांनी प्रवाहाकडे पाठ केली होती.

आणि व्हेटरलाही एक उपनदी आहे. तिचं नाव उसा. स्पेलिंग यू, एस, ए. आमच्या एका मित्राला सिटिझनशिप मिळाली तेव्हा पार्टीत कुणीतरी काकांना दोन शब्द बोलायला सांगितलं. "उसा छोटीच नदी आहे," काका म्हणाले. "व्हेटरला मिळाली की तिचं नावसुद्धा उरत नाही." टाळ्या वाजवायच्या की नाही हे कुणालाच कळेना.

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात. मीही काकांना कधी 'निडाच का?' असं विचारलं नाही. त्यात शहाणपण कमी आणि आळस जास्त होता. विचारलं असतं तर उत्तर ऐकायला तासभर बसावं लागलं असतं.

ते मूळ मला सापडलं ते त्यांच्या मोतीबिंदूमुळे. ऑपरेशननंतर डोळ्यावर पट्टी होती आणि फोन धुरकट दिसत होता. रविवारी सकाळी त्यांनी मला बोलावलं आणि व्हिडिओ कॉल लावून फोन धरायला सांगितलं. पलीकडे त्यांची मुलगी मुक्ता होती. तिथे संध्याकाळ झाली होती आणि ती एका छोट्या पुलावर उभी होती. निडाच्या काठी बाड फिल्बेल म्हणून गाव आहे, तिथे ती राहते, हे मला त्या दिवशी कळलं.

"बाबा, ही निडर. आणि तो झेमेनबाख, हिला मिळतोय. डावा की उजवा?"

"पाणी जातं तिकडे तोंड कर," काका म्हणाले.

मुक्ताने फोन कठड्यावर टेकवला, वळून आमच्याकडे पाठ केली आणि एक हात वर केला. "डावा," मी सांगितलं. काकांनी समाधानाने मान हलवली.

"बाबा, संपल्या हं उपनद्या," ती वळून म्हणाली.

"ओढे आहेत अजून."

"ओढे पुरे झाले. उगम राहिलाय. तो मी एकटी बघणार नाही."

काकांनी बॅटरी संपत आल्याचं सांगून मला फोन बंद करायला लावला. बॅटरी भरपूर होती.

मी चहा केला. काका आपणहून बोलायला लागले. पूर्वी फोनवर सगळं काकूच बोलायच्या. काकू गेल्या आणि बापलेकीचं बोलणं 'जेवलात का, जेवलो' एवढ्यावर येऊन थांबलं. मग एका रविवारी काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं, तुझ्या घरामागची नदी येते कुठून? मुक्ताला माहीत नव्हतं. ती बघायला गेली. तेव्हापासून ती दर रविवारी कुठल्यातरी उपनदीवर जाऊन तिथून फोन करते.

"पण तिला अजून डावं-उजवं कळत नाही?" मी विचारलं.

"ती चौथीत असताना मीच शिकवलंय. तिला येतं," काका म्हणाले. "तरी विचारते."

मी म्हटलं, मग जाऊन या की तिच्याकडे. ती तर बोलावतेच आहे. काकांनी कप बाजूला ठेवला. "फोनवर नदी असते रे मध्ये," ते म्हणाले. "घरात समोरासमोर बसून मी तिच्याशी बोलू काय?" माझे वडील नागपूरला आहेत आणि आमचंही बोलणं हवामानावरच चालतं.

पट्टी निघाली त्या दिवशी काका भिंतीवरून डोकावले. मी बागेतले दगड नीट लावत होतो.

"फ्रँकफर्टला उतरताना खिडकी डावीकडची घ्यावी की उजवीकडची?" त्यांनी विचारलं. "निडा कुठून दिसेल?"

मला काहीच माहीत नव्हतं. "विमान जातं तिकडे तोंड केलं तर डावीकडची," मी ठोकून दिलं.

"बरोबर," काका म्हणाले आणि तिकीट काढायला आत गेले.