ईयोबाच्या बायकोचं कपाट

साळवेकाका आमच्या वाचनालयाचे सभासद झाले त्या आठवड्यात राशिभविष्याचं पुस्तक विनोदी कथांच्या कपाटात सापडलं. पुढच्या आठवड्यात एका पुढाऱ्याचं आत्मचरित्र कादंबऱ्यांत जाऊन बसलं. मी काकांना विचारलं, तर ते अगदी शांतपणे म्हणाले, “पत्ता चुकला होता, ताई. बरोबर घरी पोचवलं.”

काका पोस्टातून निवृत्त झालेले. सगळी नोकरी टपाल निवडण्यात गेली, आधी देवळाली कॅम्पला, तोफखान्याच्या छावणीजवळ, मग नाशकात. त्यामुळे चुकीच्या खणात पडलेली कुठलीच वस्तू त्यांना बघवत नसे. गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारात त्यांनी एका भाजीवालीला टोमॅटो फळांत मांडायला सांगितलं होतं. “मंग तुमी बी बसा की तिकडं,” असं ती म्हणाल्याचं त्यांनीच मला सांगितलं. वर, ती हुशार होती, असंही म्हणाले.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा ग्रंथपाल होते. काका शरणपूरच्या ख्रिस्ती वस्तीतून सायकलवर यायचे, पँटला पायाशी क्लिप लावलेली. ती क्लिप काढून खिशात ठेवली की वाचन सुरू.

एकदा देणगीत आलेल्या पुस्तकांत एक कादंबरी निघाली. ईयोबाच्या बायकोवरची. ईयोब कोण हे मला ठाऊक नव्हतं, ते काकांनी सांगितलं. बायबलातला सज्जन माणूस. देव त्याची परीक्षा बघतो. गुरंढोरं जातात, वादळात घर पडून दहाच्या दहा मुलं जातात, अंगभर फोड येतात. तरी तो देवाला बोल लावत नाही. शेवटी देव सगळं परत देतो, मुलंसुद्धा नवी दहा.

“आणि बायको?” मी विचारलं.

“ती एकच वाक्य बोलते,” काका म्हणाले. “तेही चुकीचं. देवाला शाप दे आणि मरून जा, म्हणते नवऱ्याला.”

मी ते पुस्तक वाचून काढलं आणि कादंबऱ्यांत लावलं. दुसऱ्या दिवशी ते धार्मिक ग्रंथांच्या कपाटावर ठेवलेलं. मी परत आणलं, काकांनी परत नेलं. असं काही दिवस चाललं. मी त्यांना म्हटलं, अहो, महाभारतातल्या माणसांवरच्या कितीतरी कादंबऱ्या याच कपाटात आहेत, त्यांना कुणी धार्मिक म्हणत नाही. त्यावर काका म्हणाले, तुमच्यात कीर्तनकाराला पदरचं घालायची मुभा आहे. आमच्यात बायबलातली एक मात्रा हलवायची तर विद्वानांची सभा बसते. ज्या माणसाचं नाव शास्त्रात आहे, त्याचं पुस्तकही शास्त्राच्याच घरी राहणार.

मला उत्तर पटलं नाही, पण प्रश्न मात्र डोक्यात बसला. बनवलेली गोष्ट कुठे सुरू होते? नाव खरं आणि बोलणं कल्पनेतलं असेल तर पुस्तक कुणाचं? घरी भाजी निवडतानाही मी हाच विचार करत असे.

शेवटी काका थेट अध्यक्षांकडे गेले. अध्यक्ष निवृत्त वकील, त्यांना असा वाद म्हणजे मेजवानीच. दोघांचं तासभर चाललं आणि काका जिंकले. कादंबरी धार्मिक कपाटात गेली. त्या कपाटाला कुलूप असायचं, कारण पारायणाला नेलेल्या पोथ्या लोक परत करत नसत. तिथली पुस्तकं वाचनालयात बसूनच वाचायची, घरी न्यायची नाहीत.

पंधरवड्यानं काका आले ते क्लिप न काढताच माझ्या टेबलाशी उभे राहिले. ते पुस्तक घरी न्यायचं होतं.

मी नियम सांगितला. तो त्यांना माहीत होताच. मग खुर्चीवर बसून ते हळूहळू सांगायला लागले. घरी मार्थाबाईंना, म्हणजे बायकोला, त्यांनी आपला विजय मोठ्या कौतुकानं सांगितला होता. संधिवातामुळे बाईंना ओटा उतरणंही जमत नसे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “तिला काही बोलायला दिलंय का त्यात?”

“आमची पहिली मुलगी देवळालीला गेली,” काका म्हणाले. “तापानं. चार वर्षांची होती, सुमन. नंतर दोन मुलगे झाले. सगळे म्हणाले, देवानं परत दिलं. मीही म्हणालो. ही काहीच बोलली नाही. तेव्हाही नाही, नंतरही नाही.”

ते स्वतःच अध्यक्षांकडे गेले आणि “माझं चुकलं,” म्हणाले. अध्यक्षांना पुन्हा तासभर हवा होता. पण काकांनी एवढंच सांगितलं, “बायबलात त्या एका वाक्यापलीकडे ती बाई गप्प आहे. या पुस्तकात ती बोलते. म्हणजे कुणीतरी बनवलंय. कादंबरीच आहे ती.” अध्यक्षांनी पुस्तक परत कादंबऱ्यांत लावायला सांगितलं आणि काका ते घरी घेऊन गेले.

पुस्तकाची मुदत संपून बरेच दिवस झाले. काका फिरकेनात, तेव्हा एका संध्याकाळी मीच शरणपूरला गेले. ओट्यावर मार्थाबाई डोळे मिटून खुर्चीत बसल्या होत्या, पायांवर शाल. शेजारी स्टुलावर काका मोठ्यानं वाचत होते. मी फाटकाशीच थांबले.

ईयोबाची बायको गेलेल्या मुलांना एकेक करून आठवते, तो भाग चालला होता. काका सावकाश वाचत होते. “धाकटी फार धीट होती. तोफांचा सराव सुरू झाला की घराच्या काचा थरथरायच्या. बाकीची पोरं रडायची, आणि ही दारात जाऊन हसायची.”

मी ती कादंबरी वाचली होती. ईयोबाच्या गावात तोफा नव्हत्या.

मार्थाबाईंनी डोळे उघडले नाहीत. तशाच म्हणाल्या, “आणि थाळी वाजवायची.”

काकांनी चष्मा नीट केला, त्याच ओळीवर बोट ठेवलं आणि वाचलं, “आणि थाळी वाजवायची.”

मी फाटक न वाजवता परत फिरले.