पक्ष, साध्य आणि पगारे सर

पगारे सरांच्या दाराची बेल वाजवली की आतून "कोण आहे?" असं येत नाही. "पक्ष सांगा!" असं येतं.

शाळेतल्या भूमितीत प्रत्येक सिद्धांताखाली आधी 'पक्ष' लिहायचा असे, म्हणजे जे दिलंय ते. मग 'साध्य', म्हणजे जे दाखवायचंय ते. आणि मग सिद्धता. आपण सगळ्यांनी हे दहावीच्या पेपराबरोबर सोडून दिलं. सरांनी घरी आणून ठेवलं. त्यामुळे त्यांच्या दारात उभं राहून मला ओरडावं लागतं, "पक्ष: मी खालच्या मजल्यावरची सोनवणे. साध्य: तुमच्या कुंड्यांचं पाणी माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पडतंय." आतून आवाज येतो, "सिद्ध करा." मी ओला टॉवेल पुढे करते. सर तो हातात घेऊन, पिळून बघून, "मान्य" म्हणतात. पाणी दुसऱ्या दिवशीही पडतं.

एकदा निवडणुकीच्या दिवसांत प्रचाराला चार जण आले. त्यांच्यातल्या पुढाऱ्यानं हात जोडून विचारलं, "काका, यंदा आपला पक्ष कोणता?" सर खूश झाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणी आपणहून विचारत होतं. त्यांनी चौघांना आत बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं, "पक्ष: त्रिकोण एबीसीमध्ये कोन बी काटकोन आहे." पाऊण तासानं ते लोक खाली उतरले ते थेट गेटबाहेर. आमच्या इमारतीत पुन्हा कुणी मत मागायला आलं नाही, आणि याबद्दल मी सरांची आजही आभारी आहे.

सरांनी इगतपुरीच्या एका शाळेत तेहेतीस वर्षं गणित शिकवलं. "तिथल्या पावसात कपडे भिजायचे, वह्या भिजायच्या, एकदा तर अख्खा हजेरीपट भिजला," ते सांगतात, "पण सिद्धता कधी भिजली नाही." निवृत्तीनंतर ते इथे इंदिरानगरला आले. त्यांच्या पत्नी सहा वर्षांपूर्वी गेल्या. मुलगा पोलंडमध्ये इंजिनीअर. तेव्हापासून सर एकटेच, आणि जो सापडेल तो त्यांचा वर्ग.

कोपऱ्यावर हिराबाई मळ्यातली भाजी घेऊन बसतात. सरांनी एका सकाळी त्यांना मूळ संख्या कधीच संपत नाहीत हे पटवायला घेतलं. "समजा, एक शेवटची मूळ संख्या आहे," सर म्हणाले. "तिच्यापर्यंतच्या सगळ्यांचा गुणाकार करा, त्यात एक मिळवा..." मागे आम्ही पाच-सहा बायका पिशव्या घेऊन ताटकळत होतो. हिराबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सर, तुमची शेवटची नसंल. माझी मेथीची जुडी मात्र शेवटचीच हाय. घ्यायची का नाय?" सरांनी घेतली.

मला या सगळ्याचा वैताग येई. मी एका दवाखान्यात केसपेपर काढते, दिवसभर तापाचे आकडे लिहिते, आणि गणितानं मला दहावीत दोनदा घरी पाठवलेलं आहे. मी एकदा चिडून विचारलं, "सर, हे सिद्ध करून होतं काय?" ते जराही रागावले नाहीत. "ताई, पोलंडमध्ये बर्फ पडतं. लोक वेगळे, जेवण वेगळं. पण त्रिकोण तिथेही असाच वागतो. गणिताला भाषा लागत नाही."

पोलंड त्यात का आलं, ते मला ठाऊक होतं. दर रविवारी दुपारी मुलाचा व्हिडिओ कॉल यायचा. सरांना फोन नीट धरता येत नाही म्हणून मी धरायची. मुलगा तब्येत विचारायचा, मग अकरा वर्षांच्या नातीला, मायाला, समोर आणायचा. तिची आई तिथली. मायाला पोलिश येतं, इंग्रजी येतं, आणि मराठीतले दोन शब्द येतात. "नमस्ते आजोबा," ती म्हणायची. "हॅलो बेटा," सर म्हणायचे. इथे दोघांचीही भाषा संपायची. मग ती हसायची, सर हसायचे, आणि फोन पुन्हा मुलाकडे जायचा. जो माणूस मत मागायला आलेल्यांना पाऊण तास धरून ठेवतो, त्याला नातीशी बोलायला दुसरं वाक्य मिळत नव्हतं. फोन धरताना मी दुसरीकडे बघायची.

म्हणून सरांनी तिला सिद्धता पाठवायचं ठरवलं. आठ दिवस ते पतंगाचा कागद कापत होते. एका मोठ्या चौकोनाच्या कोपऱ्यांत चार सारखे काटकोन त्रिकोण. मधे एक तिरपा चौकोन उरतो. तेच चार त्रिकोण सरकवून लावले की दोन लहान चौकोन उरतात. बाहेरचा चौकोन तोच, त्रिकोण तेच, म्हणजे उरलेली जागाही तेवढीच. कर्णाचा वर्ग आणि उरलेल्या दोन बाजूंच्या वर्गांची बेरीज, आम्ही शाळेत घोकलेलं ते सगळं, एकही शब्द न बोलता समोर. मला कळलं! मला, दोनदा नापास झालेलीला. खरं सांगते, अंगावर काटा आला. खाली सरांनी बोरूच्या वळणाच्या अक्षरात लिहिलं: ३² + ४² = ५². मी फोटो काढून पाठवला.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. मायानं फोटो छापून घेतला होता आणि सरांच्या समीकरणावर लाल पेन्सिलीनं भली मोठी फुली मारली होती.

सरांचा चेहरा पडला. "चूक? सिद्धतेत?" दोन दिवस ते त्रिकोण पट्टीनं मोजत बसले. जेवायला बोलावलं तर आले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी तो फोटो फोनवर मोठा करून पाहिला. फुलीखाली पोरीनं बारीक अक्षरात अर्धं पान भरून लिहिलं होतं. सगळं पोलिशमध्ये, पण आकडे स्पष्ट होते: 3² + 8² = 4². नऊ अधिक चौसष्ट, त्र्याहत्तर. सोळा कसे?

"आठ कुठून आला?" सर पुटपुटले. मग एकदम थांबले. "ताई, तिनं आपल्या चारला आठ वाचलंय. आणि पाचाला चार."

मला हसू आवरेना. "गणिताला भाषा लागत नाही ना, सर?" मी म्हटलं, आणि लगेच जीभ चावली. सर हसत नव्हते. "आकडे तरी शिकवायचे होते माझ्या पोरानं तिला," ते म्हणाले. "नुसते दहा आकडे."

त्यांनी सगळं नव्यानं इंग्रजी आकड्यांत लिहायला घेतलं. त्यांना ते येत नव्हते असं नाही, पण तेहेतीस वर्षांचा हात, तो आपल्याच वळणावर जायचा. तीन कार्डशीट फाडले. चौथा बिनचूक झाला. मी पाठवला.

मायाचं उत्तर पाच मिनिटांत आलं. पिवळा अंगठा. बस्स. रविवारी "नमस्ते आजोबा", "हॅलो बेटा", आणि ती पळाली. पुढच्या रविवारीही तेच. सर त्या आठवड्यात कुणालाच काही सिद्ध करून दाखवायला गेले नाहीत, कुंड्यांना पाणीही घातलं नाही. मला माझे कोरडे कपडे बघून बरं वाटलं नाही.

मग एका संध्याकाळी त्यांनी मला वर बोलावलं. नवा कार्डशीट तयार होता. ठिपक्यांचे चौकोन: एक, मग चार, मग नऊ, मग सोळा. विषम संख्या ओळीनं मिळवत गेलं की दर वेळी पूर्ण वर्ग मिळतो, हे दाखवणारे. आकडे इंग्रजी, सुबक. मी फोन वर धरला आणि शेवटच्या ओळीवर नजर गेली: 1 + 3 + 5 + 7 + 9 = 26.

मी बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. "सर, इथं पंचवीस हवेत."

"माहितीय," सर म्हणाले.

ज्या माणसानं एका अधिक चिन्हासाठी पोरांना अख्खी वही पुन्हा लिहायला लावली होती, तो माझ्याकडे बघत नव्हता. खिडकीजवळच्या टेबलावर मायाच्या त्या अर्ध्या पानाची छापून आणलेली प्रत होती. हाताळून हाताळून तिचे कोपरे मऊ पडले होते.

"बरोबर पाठवलं की अंगठा येतो," ते हळूच म्हणाले. "चुकलं होतं तेव्हा तिनं मला अर्धं पान लिहिलं. काढा फोटो."

मी फोटो काढला. सव्वीसचा आकडा स्पष्ट दिसतोय ना ते बघून पाठवला.