नेपल्सच्या बाकावरून सारंगखेडा

मंगलाबाईंनी दुपारी एकलाच ओटा झाडून सतरंजी अंथरली, तेव्हा स्वप्नालीला कळून चुकलं की आजचा फोन तिच्या एकटीचा राहिलेला नाही.

मंगलाबाईंचा मुलगा आणि स्वप्नालीचा नवरा नवनीत सात महिन्यांपासून भूमध्य समुद्रातल्या एका पर्यटन जहाजावर कामाला होता. सारंगखेड्यात लोक त्याच्याबद्दल 'जग फिरी ऱ्हायना' असं सांगत. प्रत्यक्षात तो जहाजाच्या लाँड्रीत होता. लाँड्री होती पाण्याच्या पातळीखाली, आणि तिला खिडकी नव्हती. बंदरं त्याला पाहुण्यांच्या टॉवेलांवरून कळायची. वाळू पडली की बार्सिलोना, बारीक खडे निघाले की नीस. आज पहिल्यांदाच, जहाज नेपल्सला लागलेलं असताना, त्याला तीन तासांची सुट्टी मिळाली होती.

एरवी नवराबायको आठवड्यातून पाच मिनिटं बोलायची. त्यातली तीन 'ऐकू येस का?' यातच जायची. नेपल्स बंदराच्या दाराशी मात्र फुकट वायफाय होतं. 'तुला सगळं बंदर दाखवतो,' असं नवनीतने लिहिलं होतं. त्यातला 'तुला' स्वप्नालीने चारदा वाचला. मग आनंदाच्या भरात तिने तो निरोप सासूलाही वाचून दाखवला. चूक तिथेच झाली.

दोनच्या ठोक्याला ओट्यावर अकरा बायका आणि शेजारचा भिला हजर होते.

"पोऱ्या कोठे शे आते?" तापीबाईंनी विचारलं.

"नेपाळले," मंगलाबाई म्हणाल्या.

"नेपाळमा समिंदर कोठून उना?" भिलाने शंका काढली.

"मोठं जहाज शे ते. जठे जास तठे ऱ्हास समिंदर."

फोन वाजला. स्वप्नालीचा हात पुढे झाला, पण सासूचा आधी पोचला. मंगलाबाईंनी फोन सवयीने कानाला लावला. नेपल्समध्ये नवनीतला पडदाभर आईच्या कानातली कुडी दिसली.

"आई, कानले नको लावू! मव्हरे धर!"

मग फोन सतरंजीवरून प्रसादासारखा फिरला. "जेवना का रे?" हा प्रश्न अकरा वेळा आला. "काळा पडना," असा निकाल एकमताने लागला. बंदर कुणीच मागितलं नाही. शेवटी नवनीतनेच कॅमेरा वळवला, आणि नेमकं तेव्हाच चित्र गोठलं. पडद्यावर अर्धा किल्ला आणि एक कबुतर राहिलं.

"रेंज नई शे. मी रस्तावर जाई दखस," म्हणत भिलाने फोन उचलला.

रस्त्यावर जाऊन त्याने फोन उंच धरला. चित्र हललं. एवढ्यात कोपऱ्यावरून आरोळी आली, "भिलाभाऊ, तुन्ही म्हैस इंद्रसिंगना पपईमा घुसनी!"

भिलाने फोन शर्टाच्या खिशात टाकला आणि मोटारसायकलला किक मारली. कॅमेऱ्याचा डोळा तेवढा खिशाबाहेर राहिला.

नवनीत बंदराच्या दाराजवळ एका बाकावर बसला होता. वायफाय त्या बाकापुरतंच होतं, दहा पावलं पुढे गेलं की तुटायचं. "भिलाभाऊ! ओ भिलाभाऊ!" तो ओरडला. मोटारसायकलच्या आवाजात ते कुणाला ऐकू जाणार? फोन बंद करून शहर बघायला निघावं, हा शहाणपणा होता. त्याचं बोट लाल बटणापर्यंत गेलंसुद्धा. पण तेवढ्यात गल्ली वळली आणि पिठाची गिरणी आली. दारात पांढऱ्या भुवयांचा छगन उभा होता. गिरणी गेली की बंद करू, असं नवनीतने ठरवलं. गिरणी गेली आणि शाळा आली. शाळेमागून फुटलेल्या कपाशीची शेतं आली. मोटारसायकल डावीकडे वळली, तसा बाकावर नवनीतही डावीकडे कलला. शेजारी बसलेली इटालियन म्हातारी सरकून बसली.

मग तापी नदी आली. काठोकाठ भरलेली, ऑक्टोबरच्या उन्हात चकाकणारी. नवनीतचं बोट बटणावरून आपोआप खाली आलं.

पपईच्या मळ्यात चित्र फार हललं. आवाज मात्र स्वच्छ होता. इंद्रसिंगने आधी म्हशीला, मग भिलाला आणि शेवटी दोघांना मिळून शिव्या घातल्या. सात महिन्यांत इतकी भरघोस अहिराणी नवनीतच्या कानावर पडली नव्हती. त्याचे डोळे भरून आले. म्हातारीने पर्समधून रुमाल काढून दिला.

इकडे स्वप्नालीने तापीबाईंच्या मोबाइलवरून स्वतःच्याच फोनला फोन लावला. भिलाच्या खिशात घंटी वाजली. त्याने फोन काढला, तो पडद्यावर रडका नवनीत!

"आरे, तू चालूच शे का? आनि रडी काब्र ऱ्हायना? म्हैस सापडनी!"

"भिलाभाऊ, थोडं थांब ना. नदी दखाड."

भिला काठावर गेला आणि फोन नदीकडे धरून उभा राहिला. पाच मिनिटं झाली, दहा झाली. हात अवघडला तेव्हा त्याने हात बदलला. जन्मभर तो याच काठावर होता, पण कामाशिवाय इतका वेळ नदीकडे त्यानेही कधी पाहिलं नव्हतं. पुढे नवनीत "त्या तिकडे" म्हणत गेला आणि भिला फोन वळवत गेला.

तो परत आला तेव्हा ओटा रिकामा झाला होता. स्वप्नाली एकटी रस्त्यावर उभी होती. तिने फोन हिसकावला आणि थेट गच्ची गाठली. नवनीतच्या सुट्टीची वीस मिनिटं उरली होती.

"काय काय दखं?" तिने कोरड्या आवाजात विचारलं.

"काहीच नई. फक्त हाऊ बाक."

सात महिन्यांचं भांडण तिने जिन्यात जुळवून आणलं होतं. पण बोलायला तोंड उघडलं आणि तिची नजर नवऱ्याच्या खांद्यावरून पलीकडे गेली.

"तुम्हना मांगे डोंगर शे," ती हळूच म्हणाली.

"कसा?"

"निळा. माथा कापेल शे. वळू नका! मंग तुम्हनं तोंड दिसाव नई."

नवनीत वळला नाही. मग नंदुरबारच्या पुढे कधी न गेलेल्या स्वप्नालीने त्याला नेपल्स दाखवलं. मागे पांढऱ्या होड्या आहेत. एक माणूस जाळं शिवतोय. एका बाईची टोपी उडाली, आता ती टोपीमागे धावतेय. पाणी जवळ हिरवं आहे, लांब निळं. नवनीत ऐकत होता आणि तिच्या कपाळावर आलेली बट बघत होता.

"आखो काय शे?" तो विचारत राहिला.

"आखो..." ती थांबली. "आखो तुम्ही शेत. बारीक व्हयनात."

जहाजाचा भोंगा वाजला. नवनीत उठला आणि धावत सुटला. दहाव्या पावलाला चित्र तुटलं.

संध्याकाळी लाँड्रीत गोव्याच्या मुकादमाने विचारलं, "काय मग, कसं वाटलं नेपल्स?"

नवनीत चादरीची घडी घालता घालता थांबला. "पाणी भरपूर आहे यंदा. काठोकाठ," तो म्हणाला. "पण म्हशीने पपईचं फार नुकसान केलं."

मुकादमाने मान डोलावली. इटलीत पपई होते, हे त्याला आजच कळलं.