बरोबर उत्तरांतलं सर्वांत बरोबर

माणूस आजारी पडला की त्याच्यापुढे फारसे पर्याय उरत नाहीत. त्याच्या परिचारिकेपुढे मात्र कायम चार असतात. परवाना परीक्षेची सगळी इमारत या तत्त्वावर उभी आहे. चारही पर्याय बरोबर दिसतात. त्यातला सर्वांत बरोबर कोणता, हे परीक्षा मंडळाला माहीत असतं. रुग्णाला कळवण्याची पद्धत नाही.

माझी पुतणी, घरातली ताई, नर्सिंगची पदवी घेऊन घरी बसली होती. (पदवीने काम येतं हे सिद्ध होतं, ते करायला परवाना लागतो.) परीक्षेत ती एकदा नापास झाली होती. पुन्हा झाली असती तर रुग्णालयाने तिच्यासाठी अडवून ठेवलेली जागा गेली असती. म्हणून आम्ही घरच्यांनी तिच्या तयारीला हातभार लावायचं एकमताने ठरवलं. मत विचारायचं राहिलं ते फक्त तिचं.

दादा, म्हणजे तिचे वडील आणि माझे थोरले बंधू, रुग्ण झाले. निवृत्तीनंतर मिळालेलं हे पहिलंच पद, त्यामुळे ते खुलले. सोमवारी दमा, मंगळवारी मोडलेली मांडी, असं वेळापत्रक लागलं.

"दुखणं दहापैकी किती?" ताई विचारायची.

"काल सात होतं ना? आज आठ लाव," दादा म्हणायचे. हक्काची वेतनवाढ मागावी तसं.

वहिनी नातेवाईक झाल्या. मला काहीच जमत नसल्यामुळे प्रश्न वाचून दाखवायचं खातं माझ्याकडे आलं.

अभ्यासात रुग्णाशी कसं बोलावं याचं एक प्रकरण होतं. 'का' विचारायचं नाही. रुग्णाला आरोपीसारखं वाटतं. 'काही होणार नाही' म्हणायचं नाही; तो खोटा दिलासा ठरतो. त्याचंच बोलणं त्याला अलगद परत द्यायचं. हे प्रकरण ताईच्या फार अंगवळणी पडलं.

"भाजीत मीठ जास्त झालंय का गं?" वहिनींनी एकदा विचारलं.

"मीठ जास्त झाल्याची तुला काळजी वाटतेय."

"झालंय की नाही ते सांग!"

"तुला राग आलेला दिसतोय, आई. त्याबद्दल बोलूया का?"

वहिनी बोलल्या. बराच वेळ बोलल्या. (प्रकरणाची परिणामकारकता यावरून लक्षात यावी.)

इथे एक किरकोळ बाब नोंदवली पाहिजे. दादांना खराखुरा मधुमेह होता. पण तो घरचाच असल्यामुळे अभ्यासात कुणी धरला नव्हता.

एका सकाळी त्यांनी इन्सुलिन टोचून घेतलं आणि ते म्हणाले, "नाश्त्याआधी एक प्रश्न होऊन जाऊ दे." एकाचे बरेच झाले. त्या दिवशी त्यांना दमा होता. हळूहळू त्यांचे हात थरथरायला लागले. मग ते ताईवर खेकसले.

"बाबा, दम्यात एवढी चिडचिड नसते," ती म्हणाली.

"हे तर रोजचंच आहे," वहिनींनी साक्ष दिली.

दादांनी माझ्याकडे पाहून विचारलं, "हे कोण गृहस्थ?" मी दाद दिली. टाळी वाजवली, हे लपवण्यात अर्थ नाही.

ताईने पुस्तक खाली टाकलं आणि त्यांच्या कपाळाला हात लावला. कपाळ गार होतं आणि घामाने निथळत होतं. साखर मोजायचं यंत्र तिने उघडलं, तर त्यात सेल नव्हता. (तो टीव्हीच्या रिमोटमध्ये होता. पुढे चौकशी झाली. निष्कर्ष माझ्याविरुद्ध गेला.)

आता घरात चार माणसं होती आणि चार पर्याय. वहिनी म्हणाल्या, कोरा चहा द्या, बिनसाखरेचा. मी म्हणालो, आडवं करून पंखा लावा. दादा म्हणाले, मला काहीही झालेलं नाही. ताई धावत जाऊन साखरेचं घट्ट पाणी घेऊन आली.

"बाबा, गिळता येतंय ना? एक घोट घ्या बघू."

घोट नीट गेला. दुसऱ्याला त्यांनी पेला ढकलला.

"अगं, साखर काय देतेस त्यांना!" वहिनींनी तिचा हात धरला.

"का अडवतेस, आई? साखर उतरलीय त्यांची, सोड!" ताई ओरडली. मग वडिलांची मान हाताने सावरून म्हणाली, "प्या बाबा. काही होणार नाही तुम्हाला. मी आहे ना."

पुस्तकाच्या दृष्टीने एवढ्या थोड्या शब्दांत इतके गुण घालवणं अवघड असतं.

दादांनी पेला संपवला. थोड्या वेळाने थरथर थांबली आणि त्यांनी मला ओळखलं. (त्यांच्या चेहऱ्यावर विशेष आनंद दिसला नाही.) ताईने त्यांना लगेच पोळी खायला लावली.

"दहापैकी किती, बाबा?" तिने विचारलं.

"दुखलं काहीच नाही गं," ते म्हणाले. "भीती मात्र फार वाटली."

ती त्यांचा हात धरून बसून राहिली. वहिनी आत जाऊन रडून आल्या आणि त्यांनी मला रिमोट आणायला सांगितला.

परीक्षेत हाच प्रसंग आला असता तर बरं झालं असतं. आला नाही. घाबरलेल्या रुग्णाला काय म्हणाल, एवढंच विचारलं होतं. पहिला पर्याय होता, 'काही होणार नाही तुम्हाला.' ताई त्यावर बराच वेळ अडखळली. मग तिने 'कशाची भीती वाटतेय ते सांगा' यावर खूण केली आणि पास झाली.

आता ती रुग्णालयात आहे. परवाना तिला ठरावीक मुदतीने नवा करून घ्यावा लागतो. खाटेभोवती जमणाऱ्या आपल्यासारख्यांना तसलं काही लागत नाही. कधीतरी तुमच्याच उशाशी ती येईल, मनगटावर बोटं ठेवेल आणि घड्याळाकडे पाहत नाडी मोजायला लागेल. तेवढ्यात तुम्ही तिला विचाराल, "सिस्टर, डॉक्टर कधी येणार?"

ती पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागेल.